बेलचं पितळ आणि शाळेचा बँड

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



मला दहा मिनिटं दिली आहेत. पोलीस बँडमध्ये २४ वर्षं ट्रॉम्बोन वाजवल्यामुळे दम किती आणि थांबायचं कुठे, याचा अंदाज आहे. तेव्हा सूत्रसंचालकांनी निश्चिंत असावं.

शाळेचा बंद पडलेला बँड पुन्हा उभा करायचा असं आपण ठरवलं आणि त्यासाठी निधीही जमला. आज चार वाजता तो कसा खर्चायचा याची बैठक आहे. आपल्यातल्या काही जणांची सूचना आहे की, घ्यायचंच तर उत्तम घ्या. तांबूस पितळेच्या बेलचे दोन परदेशी ट्रॉम्बोन आणा, आवाज गोड आणि भरदार येतो. सूचना प्रेमापोटी आली आहे, म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं. शिवाय हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे: कुठलं पितळ चांगलं?

ट्रॉम्बोनचा पुढचा पसरट कर्णा, त्याला आम्ही बेल म्हणतो. तिचा पत्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. पिवळं पितळ म्हणजे ढोबळमानानं ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. तांबं ८५ टक्क्यांपर्यंत गेलं की रंग सोनेरी होतो, ते गोल्ड ब्रास. ९० टक्क्यांवर गेलं की तांबूस छटा येते, ते रोज किंवा रेड ब्रास. निकेल सिल्व्हर नावाचाही धातू असतो. नावात चांदी, पण आत फक्त तांबं, निकेल आणि जस्त. खऱ्या चांदीच्या बेलही झाल्या आहेत. अमेरिकेतल्या किंग कंपनीचे सिल्व्हरसोनिक ट्रॉम्बोन त्यासाठीच ओळखले जातात.

वादकांमध्ये समज असा की, पिवळी बेल लखलखीत वाजते आणि लांब पोहोचते. तांबूस बेल मऊ, गडद वाजते आणि जोरात फुंकलं तरी लवकर करकरत नाही. उदाहरण नेहमी दोन प्रसिद्ध वाद्यांचं देतात. कॉन ८८एच तांबूस बेलचा, बाक ४२ बहुधा पिवळ्या बेलचा. दोन्हींच्या बेलचा व्यास साडेआठ इंच, दोन्हींच्या स्लाइडचा आतला व्यास ०.५४७ इंच. आवाज मात्र वेगळा, हे खरं आहे. पण म्हणून तो फरक धातूचा म्हणायचा का? बेल किती वेगानं पसरत जाते, माउथपीसलगतची नळी कशी निमुळती आहे, जोड कुठे आहेत, हे सगळं दोन्हींत वेगळं आहे. दोन आयांच्या आमटीची चव वेगळी लागली, तर श्रेय फक्त पातेल्याला देता येत नाही.

इथे देवळातल्या घंटेची आठवण ठेवा. घंटेत धातू स्वतः कंप पावतो, म्हणून तिथे धातू बदलला की नाद बदलतो. ट्रॉम्बोनमध्ये ओठ थरथरतात आणि नळीतली हवा कंप पावते. सुमारे पावणेतीन मीटर लांबीचा हवेचा स्तंभ, तेच खरं वाद्य. पितळ त्या हवेला आकार देतं. बेल पसरत जाते त्या जागी खालच्या कंपनांचा बराच भाग आत परत फिरतो आणि स्वर स्थिर होतो. वरची कंपनं सहज बाहेर पडतात आणि आवाजाला धार येते. म्हणजे बेलचं मुख्य काम तिचा आकार करतो. आकार तोच ठेवून धातू बदलला, तर हवेला त्याची फारशी खबर लागत नाही.

हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथ यांनी आकार तोच पण पत्र्याची जाडी वेगवेगळी, अशा ट्रॉम्बोनच्या बेल घेतल्या आणि कोणती कुठली हे कळू न देता कसलेल्या वादकांना वाजवायला दिल्या. वादकांना त्या ओळखता आल्या नाहीत. पुढे अमेरिकेतल्या रोलिन्स कॉलेजात थॉमस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रम्पेटची बेल वाळूच्या पिशव्यांनी दाबून तिचा कंप थांबवला आणि आवाज मोजला. फरक सापडला, पण थोडा. तेव्हा धातूचं काहीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. चालतं, पण वादक समजतात त्याहून बरंच कमी.

मग पट्टीचे वादक एखाद्या बेलवर जीव का टाकतात? त्यांना भास होतो का? मला तसं वाटत नाही. ट्रॉम्बोन धरला की बेल डाव्या कानाच्या शेजारी येते आणि वाद्याचा भार डाव्या हातावर असतो. पत्र्याची थरथर त्या हाताला कळते. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत ती पोहोचत नाही. हाताला वाद्य जिवंत लागलं की वादक मोकळा फुंकतो, आणि मोकळं फुंकलं की आवाज खरोखर सुधारतो. धातूचा फायदा असा वादकाच्या मनातून, वळसा घालून येतो.

आणि ही थरथर फक्त मिश्रणावर ठरत नाही. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल, तर हे लगेच पटेल. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडत गेले की पत्रा कडक होतो; तापवला की पुन्हा नरम पडतो. बेलचंही तेच. पत्रा कापून, सांधून, ठोकून, मधून मधून तापवून ती घडवतात. कडेच्या गोटात तार असते, ती सोल्डरनं पक्की केली की नुसती दाबून बसवली, यानंही हाताला फरक जाणवतो. एकाच पिवळ्या पितळेच्या दोन बेल म्हणून वेगळ्या लागू शकतात. कॅटलॉगमधला रंग पाहून हे कळत नाही.

जास्त तांब्याच्या पितळेचा एक फायदा निर्विवाद आहे: त्यातलं जस्त ओलाव्यानं सहजासहजी झिजत नाही. पण लाळ आणि वाफ साचते ती माउथपीसजवळच्या नळीत आणि स्लाइडमध्ये. बेल बिचारी बरीच कोरडी असते.

आता आपल्या मुलांकडे पाहू. पाचवी-सहावीच्या मुलाचा हात स्लाइडच्या सातव्या पोझिशनपर्यंत पोहोचत नाही. साडेआठ इंची बेलचं, मोठ्या नळीचं वाद्य भरायला जेवढी हवा लागते, तेवढी त्याच्या छातीत नसते. त्याला अर्ध्या इंचाच्या आसपास नळी असलेलं हलकं वाद्य हवं. स्लाइड उभी धरून कुलूप काढलं की ती आपल्या वजनानं सरसर खाली यायला हवी. पाणी काढायच्या झडपेचं बूच घट्ट बसायला हवं, नाहीतर हवा गळते आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. असं वाटून बँड सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. बेलच्या रंगामुळे सोडलेलं एकही नाही.

म्हणून बैठकीपुढे माझा प्रस्ताव असा. शाळेच्या कपाटातले जुने ट्रॉम्बोन पिवळ्या पितळेचे आहेत. त्यांच्या स्लाइड सरळ करून घ्याव्यात, बुचं बदलावीत, माउथपीस चांगले घ्यावेत. कमी पडतील ती वाद्यं मेरठच्या जाली कोठीत बनतात, तिथली आणावीत, मात्र स्लाइड स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही घेऊ नये. उरलेला सगळा पैसा बँड शिकवणाऱ्या सरांच्या मानधनासाठी बाजूला ठेवावा, निदान तीन वर्षांसाठी. आपला बँड वाद्यांअभावी बंद पडला नव्हता. सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून पडला.

माझ्या शब्दावर विसंबू नका. जेवणानंतर संगीताच्या खोलीत दोन ट्रॉम्बोन असतील, एकाच बनावटीचे. एकाची बेल पिवळी, दुसऱ्याची तांबूस. मित्राकडून मागून आणले आहेत, तेव्हा हाताळताना जपून. मी पडद्यामागून एकच धून दोन्हींवर वाजवेन. कुठली कोणती ते चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या घेऊनच चारच्या बैठकीला या.