वैद्यकीय अभ्यासक्रमातील स्त्रीद्वेष हद्दपार झालाच पाहिजे

(वेस्ट मांबलम, चेन्नई येथे वैद्यक व परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या तुम्ही प्रसूतिगृहांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत कामाला लागाल. श्रीमंताघरची स्त्री आपला डॉक्टर निवडू शकते. शेतमजूर स्त्रीला समोर जो असेल त्याच्याच हाती आपला देह सोपवावा लागतो. म्हणून तुमच्या शिक्षणात जे अज्ञान शिल्लक राहील, त्याची किंमत मोजावी लागते ती तिला.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या! कुटुंबनियोजनाच्या आकड्यांसाठी तिच्या दारात पोहोचलेल्या यंत्रणेला तिचे दुखणे दिसले नव्हते.

आणि तपासणी होते, तेव्हा तरी शास्त्र पाळले जाते काय? योनिपटलाचा आकार व लवचिकता प्रत्येक स्त्रीत वेगळी असते. त्यावरून शरीरसंबंध झाला की नाही, हे सांगता येत नाही. तरीही 'कौमार्याची लक्षणे' विद्यार्थ्यांकडून पिढ्यान् पिढ्या घोकून घेतली गेली. अत्याचारित स्त्रीवर लादली जाणारी 'दोन बोटांची चाचणी' याच शिकवणुकीतून उभी राहिली.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या शिकवणुकीचा अशास्त्रीयपणा सप्रमाण मांडला. २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग वगळण्याचा निर्णय घेतला. एप्रिल २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तामिळनाडू सरकारला ही चाचणी बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय अभ्यासक्रमाचाच फेरविचार करावयास सांगितले.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य व योनिपटलाचे प्रकरण पुन्हा अवतरले. समलिंगी संबंधांची गणनाही 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त झाली. देशभर टीका झाली, तेव्हा काही दिवसांतच सप्टेंबरमध्ये आयोगाला तो मागे घ्यावा लागला. जुनाट विचार न्यायालयाच्या निकालाने मरत नाही, जागरूक लोकमतापुढेच तो माघार घेतो, हा याचा धडा होय.

म्हणून आपला आग्रह स्पष्ट असला पाहिजे. संमतीवाचून तपासणी नाही, हे पहिल्या वर्षापासून शिकविले जावे. गर्भपाताचा १९७१ चा कायदा, त्यातील २०२१ ची दुरुस्ती आणि अविवाहित स्त्रीलाही समान हक्क देणारा २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल प्रत्येक डॉक्टरला व परिचारिकेला ठाऊक असावा. 'लग्न झाले आहे काय?' हा प्रश्न उपचाराच्या दारावरचा पहारेकरी होता कामा नये.

मित्रहो, पाठ्यपुस्तकातील ओळ उद्या तुमच्या हातांची कृती होते. ती ओळ चुकीची असेल तर वर्गात उभे राहून तसे विचारा. ज्या स्त्रीला वर्गात येऊन बोलता येत नाही, तिच्या वतीने तो प्रश्न विचारणे हे तुमचे कर्तव्य आहे.