बी घरचं राहू द्या
(वसमत येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत हा टमाट्याचं काय काढून बसला, असं तुम्हाला वाटेल. पण न्हाणीच्या पाण्यावर वाढणाऱ्या चार झाडांत साऱ्या बियाण्याचा हिशेब आहे.

माझी आई टमाट्याचं बी राखेत कालवून गोठ्याच्या भिंतीला थापायची. फळ चपटं, पातळ सालीचं, आंबट. बाजारापर्यंत टिकायचं नाही, पण वरणाला चिंच लागायची नाही. मी कृषी पदवी घेऊन घरी आलो आणि संकरित बियाण्याची पुडी तिच्या हातावर ठेवली. त्या साली झाडं लगडली. तिनं सवयीनं त्याच फळांचं बी धरलं. दुसऱ्या साली एक झाड उंच, एक बुटकं. एकाचं फळ गोल, एकाचं लांबट. तोवर भिंतीवरचं बी सरलं होतं. ते पुन्हा मिळालं नाही. चूक पुडीची नव्हती. संकरित वाणाची पुढची पिढी सारखी निघत नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आईला सांगितलं नव्हतं.

संकरित बियाण्याशी माझं भांडण नाही. विकायला पिकवायचं तर खर्च-उत्पन्न मांडून जरूर घ्या. पण दुसरं काही घरात शिल्लक असेल तरच निवड आपली राहते. कापसाची पाकिटं दर साल दुकानातून येतात. हळदीचं बेणं मात्र आपण घरचं ठेवतो. मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेली रब्बीची मालदांडी 35-1 आजही घरच्या कणगीतून पेरता येते. टमाट्याचंही तसंच. त्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी जवळपास जसंच्या तसं उतरतं. हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेचं. दर साल बी निवडून बायाबापड्यांनी ते गावरान केलं.

बी धरायची रीत सोपी आहे. निरोगी झाडाला आधीच चिंधी बांधा. चुरडामुरडा झालेलं झाड धरू नका. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या. गर वाडग्यात पिळून पाणी न घालता दोन दिवस आंबवा, म्हणजे बियांवरचा बुळबुळीतपणा सुटतो. मग धुवा. तळाशी बसेल ते बी चांगलं, तरंगेल ते टाका. ताटलीत सावलीला वाळवून बाटलीत कोरड्या जागी ठेवा. तीन-चार वर्षं उगवतं. घरी बी नसेल तर माहेरी, शेजारी विचारा. नाहीच मिळालं तर पुसा रुबी, धनश्री असे सरळ वाण घ्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी पदवी घेऊन जे घालवलं, ते त्यांनी पदवीवाचून राखलं.

2001 च्या कायद्याच्या कलम 39 नं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी छाप मारून विकता येत नाही. हक्क कागदावर आहे. बी मात्र घरात पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं चिमूटभर बी पुडीत बांधून आणा. पुडीवर गावाचं नाव आणि ज्या माउलीनं ते राखलं तिचं नाव लिहा.