मेल सोमवारी आला, मी शुक्रवारी बोललो

तुम्ही हे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे लटकून ऐकत असाल, नाहीतर रात्री गादीवर पडून. कसंही ऐका, पण आज शेवटपर्यंत ऐका. बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: "दादा, सेकंड हँड कन्सोल घेऊ का?" उत्तर देणार आहे. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

२०१९ ची गोष्ट. मी डोंबिवली पूर्वेला राहायचो, कॉलेजला होतो. आम्ही तिघा मित्रांनी कॉन्ट्री काढून जुना कन्सोल घेतला. प्रत्येकी चार हजार. कोणत्या कंपनीचा, कुठल्या दुकानातून, ते सोडा. ठेवला माझ्याकडे, कारण आमच्या घरी दुपारी कोणी नसायचं. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल टाकला. आता आठवलं की हसू येतं. मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही त्या बिचाऱ्याला स्वेटर घातला होता.

अकाउंट तिघांत एकच. पासवर्ड मी ठरवलेला, आणि माझ्या ईमेलचाही तोच. गेम विकत घ्यायला कार्ड होतं एका मित्राच्या वडिलांचं. काका एमआयडीसीत एका कंपनीत कामाला. त्यांनी विश्वासाने कार्ड दिलं आणि एवढंच म्हणाले, "एकदा वापरा आणि काढून टाका." आम्ही वापरलं. काढलं नाही.

पुढे दोन गोष्टी बिघडल्या. आधी डबा, मग अकाउंट.

डब्याचं आधी सांगतो. पंखा मिक्सरसारखा आवाज करायला लागला. मग दहा मिनिटांत आपोआप बंद. रिपेअरवाल्याने बोर्ड काढून चिपला गरम हवा दिली आणि कन्सोल चालू झाला! आम्ही खूश. तीन आठवड्यांनी कायमचा गेला.

असं का होतं, ते समजून घ्या. चिप बोर्डाला सोल्डरच्या बारीक बारीक ठिपक्यांनी जोडलेली असते. चिपच्या आतही तसेच जोड असतात. कन्सोल चालू केला की सगळं तापतं, प्रसरण पावतं. बंद केला की थंड होतं, आकसतं. हे हजार वेळा झालं की जोडाला तडा जातो. वरून गरम हवा दिली की तडा थोड्या काळापुरता जुळतो, पण कारण तिथेच राहतं. म्हणून "हीट मारून देतो, गॅरंटी नाही" असं कोणी म्हणालं, तर त्यातला दुसरा भाग नीट ऐका.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०. अमेरिकेत तो २००५ मध्ये आला, भारतात २००६ मध्ये. पुढच्या बाजूला बटणाभोवती हिरवा प्रकाश असायचा. मशीन मेलं की तिथे तीन लाल दिवे लागायचे. लोकांनी त्याला नावच पाडलं, "मृत्यूचं लाल कडं". कोणीतरी उपाय काढला की कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवा. काहींचा थोडे दिवस चाललाही. तुम्ही हे करू नका, आग लागेल. शेवटी जुलै २००७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची, आणि खर्च बाजूला काढला एक अब्ज डॉलरहून जास्त. कारण मात्र नीट उलगडून सांगितलं २०२१ मध्ये, कंपनीच्याच माहितीपटात: सतत तापून आणि थंड होऊन आतले जोड तुटत होते.

आता अकाउंट. इथे माझी कबुली येते.

एका ग्रुपवर लिंक आली होती. लॉगिन करा, फुकट कॉइन्स मिळतील. मी लॉगिन केलं. कॉइन्स नाही मिळाले. सोमवारी रात्री मेल आला की तुमच्या अकाउंटवर नव्या ठिकाणाहून लॉगिन झालंय. मी मेल वाचला. पोटात गोळा आला. पासवर्ड बदलायला गेलो तर तो आधीच बदललेला. आणि मग मी काय केलं? काहीच नाही. मित्रांना सांगितलं तर म्हणतील, तूच पासवर्ड दिलास. काका काय म्हणतील? उद्या बघू, असं म्हणत मंगळवार गेला, बुधवार गेला. कन्सोल तर बंदच पडलाय, काय होणार, अशी मनाची समजूत घातली. डबा मेला तरी अकाउंट जिवंत असतं, हे डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी रात्री काकांच्या कार्डवरून तीन वेळा पैसे गेले. एकूण सहा हजार चारशे. काका नाईट शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. ओटीपी आलाच नाही, कारण आपल्याकडे तो सक्तीचा असला तरी परदेशी वेबसाइटला ती सक्ती लागू नव्हती. शुक्रवारी सकाळी मित्राचा फोन आला, तेव्हा मी बोललो.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चूक सगळ्यांकडून होते रे. पण तू सोमवारी सांगितलं असतंस, तर मी सोमवारीच कार्ड बंद केलं असतं."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी नंतर २०११ चं प्लेस्टेशन नेटवर्क प्रकरण वाचलं. त्या वर्षी १७ ते १९ एप्रिलच्या दरम्यान कोणीतरी सोनीच्या सर्व्हरमध्ये घुसलं. २० तारखेला सोनीने अख्खं नेटवर्क बंद केलं. जगभरचे प्लेयर विचारतायत, काय झालं? आणि तुमची माहिती चोरीला गेली आहे, हे सोनीने सांगितलं २६ एप्रिलला. सुमारे ७ कोटी ७० लाख अकाउंट. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, पासवर्ड. कार्डांचे नंबर गेले नसतीलच, असंही कंपनीला छातीठोक सांगता येत नव्हतं. १ मे रोजी टोकियोमध्ये अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्यांसमोर वाकून माफी मागितली. नेटवर्क परत सुरू व्हायला मे महिन्याचा मध्य उजाडला. २०१३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने अडीच लाख पौंडांचा दंड केला आणि सांगितलं की सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवलं असतं तर हे टाळता आलं असतं.

सोनीचं म्हणणं होतं की नेमकं काय गेलं हे कळायलाच २५ तारीख उजाडली. असेलही. पण त्या सहा दिवसांत ज्याचा तोच पासवर्ड ईमेललाही होता, तो निवांत झोपत होता. सोनीचे सहा दिवस, माझे चार. मी कंपनीला शिव्या देत वाचत होतो आणि मध्येच थांबलो. मी वेगळं काय केलं होतं?

मुद्दा हाच आहे मित्रांनो. मशीन बिघडणार, चोर येणार. पण कळल्यापासून सांगेपर्यंतचा वेळ आपला नसतो. ज्याचं नुकसान होणार आहे, त्याचा असतो.

कायदाही आता वेळ मोजतो. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, फट तिसरीकडेच पडली, आणि व्यवहाराचा मेसेज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तर तुमच्यावर भार शून्य. चार ते सात दिवस लावले तर थोडा भार तुमच्यावर. आणि पासवर्ड तुम्हीच दिला असेल, माझ्यासारखा, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी लवकर बोलण्यात फायदाच आहे. कंपन्यांनाही एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी सहा तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. तुम्हाला कळवण्याची जबाबदारी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आली आहे, पण त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. तोवर आपली काळजी आपणच घ्यायची.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सेकंड हँड कन्सोल घ्या, बिनधास्त घ्या. पण दुकानात निदान अर्धा तास जड गेम चालवून बघा. कधी उघडला होता का, चिपला हीट दिली होती का, हे स्पष्ट विचारा. बिल घ्या. दुकानदाराने फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि डोंबिवलीकरांसाठी जिल्हा ग्राहक आयोग ठाण्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. घरी आणल्यावर मोकळ्या हवेत ठेवा. रुमाल टाकू नका! सेव्ह फाइल क्लाउडवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

अकाउंटला वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू. बँकेच्या अॅपमध्ये कार्डचा परदेशी वापर बंद ठेवा, हवा तेव्हाच सुरू करा. आणि घरातल्यांचं कार्ड वापरलं तर त्याच दिवशी काढा. पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन, लगेच १९३० ला फोन. त्याआधी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचं कार्ड आहे त्याला सांगा. लाज वाटत असताना सांगा. लाज जाईपर्यंत थांबलात तर पैसे जातात.

बँकेने काकांना आधी हेच विचारलं होतं, तुम्हाला कधी कळलं? काकांनी खरं ते सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत. मी ट्यूशन घेऊन चार महिन्यांत सहा हजार चारशे फेडले. मला वाटलं होतं, काका म्हणतील राहू दे. नाही म्हणाले. त्यांनी पैसे घेतले, मोजून घेतले, आणि मग काकूंना हाक मारली, "याला चहा टाक गं."

तुमच्याही इनबॉक्समध्ये एखादा न उघडलेला मेल असेल, तर हा भाग संपल्यावर आधी तो उघडा. भेटू पुढच्या भागात.