तालीम आणि सभाभय



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. क्विंटलाचे पोते पाठीवर घेणारा गडी साहेबापुढे दोन शब्द बोलावयाचे म्हटले की घामाघूम होतो, हे आम्ही नित्य पाहतो. तोच घाम त्याच्या दहावीतल्या मुलाच्या कपाळी दिसतो. गुरुजी नाव पुकारतात, उत्तर ठाऊक असते. पण साऱ्या वर्गाचे डोळे लागताच कंठ सुकतो. घरचे म्हणतात, लाजाळू आहे. जाणकार याच्या तीव्र रूपास सामाजिक भयगंड म्हणतात, आणि तो बहुधा याच वयात मूळ धरतो.

लोक सांगतात, पोराला तालमीत घाला, अंगात बळ आले की भीड जाते. बळानेच भीड जाती तर आमचे हमाल गप्प का राहते? तालमीचा गुण निराळा आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीस आखाडा काढला, तेच आजचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1936 साली त्याचे खेळाडू बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. वऱ्हाडाला त्याचा अभिमान आहेच. पण आम्हांस रोजची साधी तालीम अधिक मोलाची वाटते. पोर मल्लखांबावरून चारचौघांदेखत घसरते नि पुन्हा चढते. लाठी स्वतःच्याच कानशिलावर बसते, सारे हसतात. हसणाऱ्याची पाळी लगेच येते! लोकांदेखत चुकणे असे अंगवळणी पडते. आजचे मानसोपचारकही भीतीचा प्रसंग लहान लहान पायऱ्यांनी पुन्हा पुन्हा अनुभवावयास लावतात.

मात्र पोराला ‘बायकी’ म्हणून हिणवणारा वस्ताद असेल, तर त्याला घरीच ठेवलेले बरे. (आणि मुलींनी तरी कुठे कमी लाठी फिरवली आहे!) भयाने शाळाच सुटली असेल, तर आखाड्यात ढकलू नका; डॉक्टरांकडे न्या, नाहीतर सरकारच्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर विचारा.

कराटेचे वर्ग गावोगाव निघाले आहेत, त्यांची फी हमालाला पेलत नाही. शाळेचे पटांगण मात्र पहाटे मोकळेच असते. ते तासभर उघडा आणि एक समजूतदार शिक्षक द्या. उद्या याच मुलाला वजनकाट्यापाशी पावती मागावयाची आहे, आणि तेव्हा त्याच्या वतीने बोलावयास आम्ही असूच असे नाही.