रोजगार हमी : विरोधी पक्षांची टीका आणि आपले प्रश्न

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



केंद्र सरकारच्या धोरणांवर विरोधी पक्ष टीका करतात, तिच्याकडे स्त्री संघटनांनी कसं पाहायचं, असा विषय मला दिला आहे. विषय अवाढव्य आहे. सगळ्याच धोरणांवर थोडं थोडं बोलले तर हाती काहीच लागणार नाही, म्हणून मी एकच धोरण घेते. रोजगार हमीचं. आपल्यातल्या निम्म्याजणींच्या कामाचा तो रोजचा भाग आहे, आणि ही कल्पना मुळात या मातीतली आहे.

काय घडलं ते आधी थोडक्यात. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेत मंजूर करून घेतला. नाव लांबलचक आहे, त्याची आद्याक्षरं जुळवून 'जी राम जी' होतं. १६ डिसेंबरला विधेयक मांडलं, १८ ला लोकसभेत मंजूर, त्याच रात्री उशिरा राज्यसभेतही मंजूर. विरोधकांनी ते समितीकडे पाठवा म्हटलं, ते मानलं नाही. कोट्यवधी मजुरांच्या पोटाचा कायदा, आणि तीन दिवसांत बदलला! साधं पाझर तलावाचं काम मंजूर व्हायला याहून जास्त दिवस लागतात.

काँग्रेस आणि इतर विरोधी पक्षांनी यावर कडक टीका केली, 'मनरेगा बचाओ' म्हणून देशभर मोहीम जाहीर केली. टीकेतले मुख्य मुद्दे असे. महात्मा गांधींचं नाव काढलं. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत होतं, आता बहुतेक राज्यांना ४० टक्के वाटा उचलावा लागणार. कोणत्या राज्याला किती पैसा ते केंद्र ठरवणार, म्हणजे मागेल त्याला काम हे तत्त्वच गेलं. शेतीच्या हंगामात वर्षातले ६० दिवस कामं बंद ठेवता येणार.

सरकारचं म्हणणंही ऐकून घेऊ. ते म्हणतात, आम्ही १०० दिवसांचे १२५ केले, आणि हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळायला हवा. पण १०० दिवसांची हमी होती तेव्हा देशात कुटुंबामागे सरासरी काम मिळालं ५० दिवसांच्या आसपास. कागदावरचा आकडा वाढवायला खर्च येत नाही. राज्याकडे ४० टक्के नसतील तर कामं निघणारच नाहीत, मग १२५ काय आणि २०० काय.

तेव्हा टीका बरोबर आहे का? माझ्या मते बरीचशी बरोबर आहे. पण सभांमध्ये आणि वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त आवाज झाला तो नावाचा. गांधींचं नाव काढणं मलाही खटकलं. पण ते नाव लागलं २००९ मध्ये. त्याच्या आधी तीस वर्षं महाराष्ट्रातल्या बाया 'रोजगार हमी'वर जात होत्या आणि नुसतं 'हमीवर चाललो' म्हणत होत्या. त्यांना लढायचं होतं ते हमी या शब्दासाठी.

आपल्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा त्या ६० दिवसांचा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. हंगाम म्हणजे काय? पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी. ही कामं बहुतांशी बायकाच करतात. बाईला मजुरी वाढवून मागायची ताकद वर्षातून याच काळात मिळते, कारण शेतकऱ्याची नड असते. तिच्यामागे हमीचं काम उभं असेल तर ती म्हणू शकते, एवढ्या पैशात येत नाही, मी हमीवर जाते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि कायद्याने बाई-पुरुषाला सारखा. शेतात बाईला किती मिळतात ते तुम्हाला माहीत आहे, पुरुषाला त्याच शेतात किती तेही माहीत आहे. बंद ठेवले जातील ते नेमके तिच्या नाही म्हणण्याचे दिवस.

मी काम करते त्या भागात एक बाई म्हणाली होती, "ताई, हमीवर मी रोज जात न्हाई, पर हमी हाय म्हून मालक नीट बोलतो." एवढ्या एका वाक्यात कायद्याचं सगळं अर्थशास्त्र आलं.

आता विरोधकांना एक विचारायला हवं. हंगामात कामं थांबवा ही सूचना नवी नाही. २०११ मध्ये, केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचं सरकार असताना, कृषिमंत्री शरद पवार यांनीच ती केली होती. बागायतदारांची ही तक्रार तर आपल्या राज्यात सत्तरीच्या दशकापासून आहे. आणि मजुरीचं काय झालं? २००९ मध्ये त्याच आघाडीच्या सरकारने हमीची मजुरी किमान वेतन कायद्यापासून तोडली. कर्नाटक उच्च न्यायालयाने किमान वेतन द्या म्हटलं, तर केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारनेच किमान वेतन द्यायचं नाही म्हणून कोर्टात जायचं! आज त्याच पक्षांचे पुढारी मजुरी कमी असल्याचं सांगतात. सांगू देत, पण हा हिशेबही त्यांच्यापुढे ठेवू.

याचा अर्थ सगळे सारखेच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि बेजबाबदारही. २००५ चा कायदा त्यांच्या काळात झाला, डाव्या पक्षांच्या आणि जनसंघटनांच्या रेट्यामुळे झाला. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत त्याच योजनेला काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक म्हटलं. पुढे २०२०च्या टाळेबंदीत शहरांतून माणसं गावी परतली तेव्हा याच स्मारकावर एक लाख कोटींहून जास्त खर्च करावा लागला. हा फरक विसरायचा नाही.

पण आपली मागणी त्यांच्या मागणीपाशी थांबत नाही. आपल्या राज्यात १९७२ च्या दुष्काळातून ही योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन पैसा उभा केला. त्या कायद्यात कामाचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता, दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने तो हक्क कुटुंबाला दिला आणि त्यावर १०० दिवसांचं कुंपण घातलं. नव्या कायद्यातही १२५ दिवस कुटुंबालाच आहेत. घरात सासरा, नवरा, दीर, सासू, सून असतील तर १२५ मधले सुनेच्या वाट्याला किती? टाकलेल्या बाईला, विधवेला वेगळं जॉबकार्ड काढायला किती चकरा माराव्या लागतात? 'मनरेगा बचाओ' म्हणणाऱ्यांपैकी कोणी हे बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यांना २००५ चा कायदा परत हवा आहे. आपल्याला त्यापुढे जाऊन व्यक्तीचा हक्क परत हवा आहे.

तीच गोष्ट हजेरीची. जानेवारी २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. सकाळचं नेमून दिलेलं खोदकाम दहा वाजता संपवून बाई घरी जाऊ शकत होती, लेकराला पाजू शकत होती. आता दुपारच्या फोटोसाठी थांबा. रेंज नसेल तर फोटो चढत नाही, फोटो नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. आधारवर माहेरचं नाव आणि जॉबकार्डावर सासरचं, एवढ्यावरून बाईचे पैसे अडकतात. विरोधकांनी यावर टीका केली, योग्यच केली. पण पाच लहान मुलं असली तर कामावर पाळणा आणि मुलं सांभाळायला बाई हवी, ही जुन्या कायद्यातली तरतूद त्यांच्याही राज्यांत किती ठिकाणी पाळली गेली? मी इतक्या वर्षांत पाळणा पाहिला तो बाभळीला बांधलेल्या लुगड्याचा.

म्हणून विरोधी पक्षांच्या मोर्चात जायचं की नाही, हा प्रश्न शिबिरात सकाळी निघाला, त्यावर माझं मत सांगते. जावं. पण आपला फलक घेऊन, आपलं पत्रक घेऊन जावं, आणि बोलायला वेळ मागून घ्यावा. स्टेजवर बायका बसवायच्या आणि भाषणं पुरुषांनी करायची, असं असेल तर खाली बसून आपलं पत्रक वाटावं. २०२४ मध्ये 'लाडक्या बहिणी'च्या १,५०० रुपयांना निवडणुकीची लाच म्हणणाऱ्या आघाडीने नंतर स्वतःच्या जाहीरनाम्यात ३,००० कबूल केले, हे आपण पाहिलेलं आहे. त्यामुळे तोंडी आश्वासनावर जाऊ नका. त्यांच्या जिल्हाध्यक्षांकडून लिहून घ्या : हंगामातली कामबंदी तुमचं सरकार आलं तर काढणार का? व्यक्तीला हक्क देणार का? मजुरी किमान वेतनाच्या खाली ठेवणार नाही, हे मान्य आहे का? आणि ज्या राज्यांत आज तुमची सत्ता आहे तिथे ते ४० टक्के अर्थसंकल्पात ठेवणार आहात का?

हेच प्रश्न सत्ताधारी आमदारालाही विचारायचे, ६० दिवस कोणते ते राज्य सरकार ठरवणार आहे म्हणून जरा जास्तच जोरात. ते दिवस ठरवताना ग्रामसभेला विचारा, बायकांच्या ग्रामसभेला आधी विचारा, असा ठराव प्रत्येक गावातून जायला हवा. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात वाचायला घेऊ. आणि तोवर कामाची मागणी लेखीच द्यायची, एकेकीने स्वतंत्र द्यायची, तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठायचं नाही. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, आणि तो मागायला ती पोचच लागते.