आइनस्टाइनच्या नावावरची मधमाशी
(नागझिरा येथील भाषणातून)

मधमाशी नष्ट झाली तर मनुष्यजात चार वर्षांत संपेल, असे आइनस्टाइन म्हणाल्याचे आपली वृत्तपत्रे बिनदिक्कत छापतात. आइनस्टाइन १९५५ साली निवर्तले. त्यांच्या लेखनात हे विधान कोणालाही सापडलेले नाही. ते गाजले १९९४ मध्ये, ब्रुसेल्समधील मधपाळांच्या निदर्शनांत. स्वस्त आयात मधाविरुद्धचे त्यांचे गाऱ्हाणे रास्त होते. दाखला तेवढा बनावट. शिवाय धान आणि गहू परागणासाठी मधमाशीवर विसंबून नसतात. ज्या गोंदियात बांधोबांधी धान पिकते, तिथल्या वाचकाला एवढेही सांगू नये? येथील रानात आग्या मोहोळे घटली की वाढली, हे मध काढणाऱ्यांना विचारायला पायपीट पडते. ती कोणत्या वार्ताहराने केली? आणि आइनस्टाइनचे विधान कोणत्या ग्रंथातले, हे कोणत्या संपादकाने विचारले?