तीन टिंबं आणि निनावी फंक्शन



अध्यक्षानं कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं, अशी सध्याची रीत आहे. त्यावर बोलणारे या सभागृहात पुष्कळ आहेत आणि चहाच्या सुटीतही ते थांबणार नाहीत. म्हणून मी एक बारीकसा विषय घेतला आहे. निनावी फंक्शनला, म्हणजे आपल्या रोजच्या लॅम्डाला किंवा ॲरो फंक्शनला, कितीही आर्ग्युमेंट घेऊ द्यावीत का? पॅरामीटरच्या जागी टाकलेल्या तीन टिंबांवरून कोड रिव्ह्यूमध्ये नजर सहज घसरते. माझं मत आधीच सांगतो. एखादा अपवाद सोडला, तर आलेली आर्ग्युमेंट न उघडता पुढे पोचवायची असतील, तरच ती टिंबं लिहावीत.

आपल्यापैकी बरेच जण सी शिकत या धंद्यात आले. पहिल्याच तासाला प्रिंटएफ लिहिलं. पण त्याच्या आर्ग्युमेंटची संख्या ठरलेली नसते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आपल्याला नक्की किती आर्ग्युमेंट मिळाली, हे कळायला प्रिंटएफपाशी मार्गच नसतो. फॉरमॅट स्ट्रिंग जेवढी मागेल तेवढी ते उचलत जातं, दिलेली असोत वा नसोत. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या सर्व्हरला भगदाड पडलं ते इथेच. बाहेरून आलेला मजकूरच फॉरमॅट म्हणून वापरला गेला होता.

तरी प्रिंटएफला नाव आहे, माहितीपुस्तिका आहे. निनावी फंक्शनपाशी स्वतःबद्दल सांगायला कंसातल्या पॅरामीटरच्या यादीपलीकडे फारसं काही नसतं. तिथेही टिंबंच टाकली, तर वाचणाऱ्यानं कशावरून ओळखायचं? पायथनचा ट्रेसबॅक तर असल्या सगळ्यांना सरसकट ‘लॅम्डा’ म्हणून मोकळा होतो.

जावास्क्रिप्टमधला एक नमुना जवळून पाहू. ‘१०’ ही स्ट्रिंग तीनदा असलेला ॲरे घ्या आणि त्याच्या मॅपला थेट पार्सइंट द्या. उत्तर १०, १०, १० यायला हवं. येतं १०, नॅन, २. कारण मॅप दर वेळी तीन गोष्टी देतो: घटक, त्याचा क्रमांक आणि अख्खा ॲरे. पार्सइंट दुसरी गोष्ट संख्येचा पाया समजतं. पाया शून्य दिला तर ते नेहमीसारखा दहाच धरतं, पाया एक असूच शकत नाही, आणि पाया दोन धरला की ‘१०’ म्हणजे दोन. यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. मध्ये एक निनावी फंक्शन घालायचं, त्यानं एकच आर्ग्युमेंट घ्यायचं आणि तेवढंच पार्सइंटला द्यायचं. आता कुणी ‘जरा जनरल करतो’ म्हणून त्याच फंक्शनला तीन टिंबं लावली आणि ती तशीच आत दिली, की पुन्हा १०, नॅन, २. दार अरुंद करण्यासाठी जे फंक्शन लिहिलं, त्याचंच दार टिंबांनी सताड उघडलं. मॅथ मॅक्स थेट रिड्यूसला दिलं की नॅन येतो, त्याचंही कारण हेच. रिड्यूस चार आर्ग्युमेंट देतो आणि त्यातलं चौथं अख्खा ॲरे असतं.

लुआची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९३ साली रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही भाषा आपल्याला परकी नाही. मराठी विकिपीडियावरचे कितीतरी साचे आत लुआ ५.१ वर चालतात. समजा, एका फंक्शननं टिंबांनी आर्ग्युमेंट घेतली आणि ती नंतर वापरायची म्हणून आत एक निनावी फंक्शन लिहिलं. आतल्यात ती टिंबं वापरली की ५.१ चा कंपायलर अडवतो: व्हेरार्ग, म्हणजे टिंबं घेणाऱ्या, फंक्शनच्या बाहेर टिंबं चालणार नाहीत. बाहेरची साधी व्हेरिएबल आतलं फंक्शन धरून ठेवतं, टिंबं मात्र धरत नाही. घाईत माणूस काय करतो? आतल्या फंक्शनच्या कंसातही टिंबं टाकतो. कंपायलर गप्प होतो. पण आता ती टिंबं आतल्या फंक्शनची स्वतःची. टायमरनं त्याला रिकाम्या हाती हाक मारली, तर पुढेही रिकामंच जातं. कंपायलरनं अडवलं होतं तेच बरं होतं!

खरा उपाय म्हणजे बाहेरच टिंबं एका टेबलात भरून ठेवणं. त्यातही मेख आहे. आर्ग्युमेंटांमध्ये कुठे निल असलं, तर टेबलाच्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सिलेक्टनं संख्या मोजून सोबत ठेवायची आणि उलगडताना ती सांगायची. ५.२ मध्ये टेबल-पॅक आलं, ते ही संख्या आपणहून ठेवतं.

जावास्क्रिप्टनं इथे उलटी वाट धरली. २०१५ साली आलेल्या ॲरो फंक्शनला स्वतःचं ‘आर्ग्युमेंट्स’ (आलेल्या आर्ग्युमेंटांची आयती यादी) नाहीच. आत ते लिहिलं तर बाहेरच्या फंक्शनचं मिळतं. जुनं फंक्शन नुसतं नीटनेटकं दिसावं म्हणून ॲरोमध्ये बदललं, की ‘आर्ग्युमेंट्स’चा मालक बदलतो आणि बाहेर दुसरं फंक्शन असेल तर एररही येत नाही. मला विचाराल तर लुआचा कडकपणा परवडला.

मग टिंबं शोभतात कुठे? वेळ मोजणारं, लॉग लिहिणारं, नेटवर्क पडलं की पुन्हा प्रयत्न करणारं आवरण असतं, तिथे. या आवरणाचं काम आंगडियाचं: पुडकं फोडायचं नाही, ज्याचं त्याला द्यायचं. आत कुठलं फंक्शन आहे, त्याला किती आर्ग्युमेंट लागतात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पायथनचे डेकोरेटर (तिथे टिंबांऐवजी तारका) यावरच उभे आहेत. अशा आवरणात आतल्या फंक्शनची सही टाइप-तपासनिसापासून लपत असे. २०२१ साली पायथन ३.१० मध्ये पॅरामस्पेक आलं आणि तपासनिसाला ती दिसू लागली. सी प्लस प्लसमध्ये २०१४ च्या मानकापासून लॅम्डाला ऑटोबरोबर टिंबं लावता येतात. फक्त पोचवताना फॉरवर्ड विसरू नका, नाहीतर विनाकारण प्रती निघतात.

तेव्हा रिव्ह्यू करताना निनावी फंक्शनच्या कंसात टिंबं दिसली, की आतली ओळ पाहा. ती जशीच्या तशी बाहेर पडत असतील, आणि फंक्शन आर्ग्युमेंट गाळण्यासाठी लिहिलेलं नसेल, तर पुढे चला. आत कुणी शून्यावं, पहिलं, दुसरं असं क्रमांकानं काढत असेल, तर लिहिणाऱ्याला त्या जागी नावं द्यायला सांगा. तीन आर्ग्युमेंट हवी असतील तर तीन नावं लिहायला काही कष्ट पडत नाहीत. सगळी आर्ग्युमेंट एकाच जातीची असली, नुसती बेरीज किंवा सर्वांत मोठी संख्या काढायची असली, तर टिंबांना माझी हरकत नाही. पण तिथेही यादी आधीच हाताशी असेल, तर ती उलगडून देण्यापेक्षा अख्खी यादीच द्या. पायथनचं सम नेमकं असंच वागतं, त्याला एकच यादी लागते.